पत्र्याच्या घरातली धग: कमी खर्चात छत कसं करावं

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला पत्र्याच्या खोलीत बाजेवर आडवं पडा आणि तोंडासमोर हातभर अंतरावर एक पुठ्ठा धरा. चेहरा लगेच निवतो. पुठ्ठा बाजूला केला की पुन्हा तोच चटका. तेवढ्यात खोलीतली हवा काही थंड झालेली नसते, पंखाही तोच असतो. फक्त तुमच्या आणि पत्र्याच्या मध्ये काहीतरी आडवं आलेलं असतं. चुलीपुढे बसल्यावर पोटाला लागते आणि पाठीला लागत नाही, तीच ही धग.

ही धग किती असते याचा हिशोब मी एकदा मांडला होता. विदर्भातल्या उन्हात जुना, काळपट झालेला पत्रा 65 अंशांपर्यंत सहज तापतो. खालच्या भिंती, फरशी, माणसं 35 अंशांच्या आसपास. एवढ्या फरकाला दर चौरस मीटरमागे साधारण दोनशे वॅट उष्णता नुसत्या धगीच्या रूपाने खाली येते. दहा बाय बाराची खोली म्हणजे 11 चौरस मीटर, म्हणजे दोन हजार वॅटच्या पुढे. हजार वॅटच्या दोन विजेच्या शेगड्या पत्र्याला उलट्या टांगून दुपारभर चालू ठेवाव्यात, तसं झालं. त्याखाली पंखा लावून बसणारा माणूस पंख्याला शिव्या घालतो, पण पंख्याचा त्यात काही दोष नसतो.

माझा पहिला प्रयत्न फसला. पत्र्याला लागूनच असल्यासारखं पीव्हीसी पट्ट्यांचं छत, म्हणजे पत्र्याखालचं फॉल्स सीलिंग, करून घेतलं, चारही कडा सिलिकॉनने बंद. दिसायला झकास. पण पत्रा आणि छत यांच्यामधली हवा दिवसभर तापत राहायची, तिला बाहेर पडायला जागाच नव्हती. दुपारी जरा बरं वाटायचं, पण रात्री अकराला पट्टीला हात लावला तरी ती कोमट. पैसे गेले आणि झोपही गेली. तेव्हापासून एक क्रम डोक्यात पक्का बसला आहे: ऊन आधी पत्र्यावरच अडवायचं, मग गरम हवेला वाट करून द्यायची, आणि छत शेवटी. बहुतेक घरांत हे नेमकं उलट होतं, कारण छत दिसतं आणि बाकीचं दिसत नाही. पैसे कमी असतील तर पहिल्या दोन कामांवर थांबलात तरी चालेल.

आधी पत्रा धड आहे का ते बघा

छत झाल्यावर गळती शोधणं फार अवघड जातं. पाणी एका ठिकाणी आत शिरतं, पाइपवरून वाहत तिसरीकडे टपकतं. म्हणून आधी दिवसा खोलीची दारं-खिडक्या बंद करून अंधार करा आणि वर बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा. बहुतेक ठिपके ‘जे’ (J) आकाराच्या हुकच्या किंवा स्क्रूच्या भोवती निघतात. तिथले रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरलेले असतात. वॉशर बदलणं हे या सगळ्या कामातलं सर्वात स्वस्त काम, आणि तेच सर्वात जास्त टाळलं जातं.

हुक सैल असतील तर आताच आवळून घ्या. वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडतात ते बहुधा सैल हुकांमुळे. पत्र्यावर दगड आणि टायर ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. वाऱ्यात तेच खाली येतात.

वर चढायचं ते सकाळी. पाय आडव्या पाइपांच्या रेषेवरच, म्हणजे जिथे हुकांची रांग दिसते तिथे. शक्यतो पत्र्यावर लांब फळी टाकून तिच्यावर वावरा. घरावरून विजेची तार गेलेली असेल तर शिडी लोखंडी नको, बांबूची घ्या.

आणि एक. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्याला घासू नका, कापू नका, छिद्र पाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. शिवाय तो पत्रा पायाखाली सरळ फुटतो. त्याच्यासाठी खालून करायचे उपायच घ्या.

पांढरा थर

उन्हाचा जोर दुपारी चौरस मीटरमागे हजार वॅटच्या घरात असतो. गंजलेला किंवा गडद निळा-हिरवा पत्रा त्यातला बहुतेक भाग पिऊन टाकतो. चांगला पांढरा थर नवा असताना ऐंशी टक्क्यांपर्यंत ऊन परतवतो. म्हणजे ज्या उष्णतेशी पुढे खाली झगडायचं असतं, ती घरात शिरतच नाही. अहमदाबादने 2013 साली उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023 मध्ये ‘कूल रूफ’चं धोरणच आणलं. त्यामागचं गणित एवढंच आहे.

‘नवा जस्ती पत्रा चकचकीत असतो, तो कशाला रंगवायचा?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. चकचकीत पत्रा ऊन परतवतो खरा, पण एकदा तापला की आकाशाकडे उष्णता सोडायला फार कंजूस असतो. पांढरा रंग कमी तापतो आणि उष्णता सोडतोही मोकळ्या हाताने.

गच्चीवर चुना चालतो, तो पत्र्यावर नको. गुळगुळीत पत्र्यावर तो धरत नाही, पहिल्या वादळी पावसात ओघळून जातो, आणि ओल्या चुन्याचा तिखटपणा जस्ताच्या थराला मानवत नाही. बाहेरच्या कामासाठीचा अ‍ॅक्रिलिक पांढरा किंवा ‘सोलर रिफ्लेक्टिव्ह’ म्हणून विकला जातो तो रूफ पेंट घ्या. डब्यावर ‘धातूवर चालतो’ असं लिहिलेलं हवं.

कामाचा क्रम असा. आदल्या दिवशी कुंच्याने आणि साबणाच्या पाण्याने पत्रा धुवायचा. गंज असेल तिथे तारेचा ब्रश मारायचा, पापुद्रे निघेपर्यंत. पूर्ण वाळल्यावर गंजलेल्या जागी गंजरोधक प्रायमर, आणि जस्ती पत्र्यावर जस्तावर धरणारा प्रायमर. दुकानदाराला ‘जीआय पत्र्यासाठी’ असं स्पष्ट सांगा. साधा प्रायमर दोन वर्षांत सालपटासारखा निघतो. नंतर रंगाचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. रंग सकाळी आठच्या आत मारून संपवायचा, कारण तापलेल्या पत्र्यावर तो वरून वाळतो आणि खाली कच्चा राहतो.

मोजमापात एक फसगत होते. 120 चौरस फुटांच्या खोलीचा पत्रा 120 चौरस फूट नसतो. उतार, बाहेर आलेली वळचण आणि पत्र्याच्या लाटा धरल्या की रंगवायची जागा दोनशेच्या आसपास जाते. दोन हातांना लिटरमागे तीस-पस्तीस चौरस फूट धरले तर सहा-सात लिटर लागतात. आमच्या तालुक्याच्या बाजारात प्रायमरसकट हे तीन-साडेतीन हजारांत बसतं, हात स्वतःचे असतील तर. धूळ बसली की पांढऱ्याचं काम बरंच घटतं, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमाराला एकदा धुवा, आणि दोन-तीन वर्षांनी एक हात पुन्हा मारा.

शेडनेट, तुराट्या आणि वेल

रंग झेपत नसेल तर सावली करा. रोपवाटिकेसाठी मिळते ती 50 किंवा 75 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी पत्र्यापासून निदान एक फूट वर ताणून बांधायची. हे अंतरच सगळं काम करतं. जाळी तापते, पण खालून वारा वाहत असल्याने ती उष्णता पत्र्यापर्यंत पोचत नाही. पत्र्यावरच अंथरली तर उपयोग निम्माही राहत नाही. बांबू पत्र्याला बांधू नका, भिंतीला किंवा जमिनीत पुरलेल्या खांबांना बांधा. जाळी शिडासारखी वारा धरते आणि पत्र्याला बांधली असेल तर त्याला घेऊनच उडते. मृगाच्या आत उतरवून गुंडाळून ठेवली तर तीन-चार उन्हाळे टिकते.

आमच्याकडे तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या) छपरावर रचण्याची जुनी रीत आहे. सावली छान होते, पण एक ठिणगी पडली की संपलं, आणि पाऊस पडल्यावर त्यांच्याखाली ओल धरून पत्रा सडतो. विंचूकाट्याचं वेगळंच. वेल चढवायचा विचार सुंदर आहे, फक्त त्याला पाणी मेमध्येच लागतं आणि नळ मेमध्येच आटतात.

गरम हवेला वाट

पत्र्याखालची गरम हवा आढ्याकडे जाऊन साचते. दुपाखी छप्पर असेल तर दोन्ही टोकांच्या भिंतींच्या वरच्या तिकोनी भागात भोकं हवीत. एकपाखी असेल तर खालच्या बाजूला आत येणारी आणि उंच बाजूला बाहेर जाणारी.

जाळीदार खिडकी बसवायला पैसे नसतील तर चार इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर तुकडे घ्या. प्रत्येक बाजूला चार तरी. भिंतीला भोक पाडून सिमेंटने बसवा, बाहेरचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा म्हणजे पाऊस आत येत नाही. बाहेरच्या तोंडावर बारीक तारेची जाळी घट्ट बांधा. प्लॅस्टिकची मच्छरदाणी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. ही भोकं होणाऱ्या छताच्या वर यायला हवीत हे आधी ठरवा. नाहीतर छत होतं, भोकं त्याच्या खाली राहतात आणि वरची हवा कोंडलेलीच राहते.

वळचणीला पत्र्याच्या लाटांखाली जी पोकळी राहते, ती चिमण्या आणि धुळीच्या त्रासाने लोक सिमेंटने लिंपून टाकतात. तिथेही जाळीच खुपसा. छत होईपर्यंत कूलर वापरणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. कूलरने आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि घाम वाळत नाही.

छताची उंची आणि सांगाडा

आता छत. पत्रा आणि छत यांच्यात कुठेही चार इंचांपेक्षा कमी अंतर नको, सहा-आठ इंच मिळाले तर उत्तम. छताचा पंखा असेल तर पात्यांच्या वर निदान फूटभर जागा हवी, नाहीतर पंख्याला हवा ओढताच येत नाही. पाती जमिनीपासून साडेसात-आठ फुटांवर धरली तर छत नऊ फुटांच्या आसपास येतं. बऱ्याच घरांत खालच्या बाजूची भिंतच आठ फूट असते. तिथे सपाट छताचा हट्ट सोडा, पत्र्याच्या उताराला समांतर तिरकं छत करा आणि पंखा भिंतीवर घ्या. मिस्त्री कुरकुरेल, कारण त्याला लेव्हल लावून काम करायची सवय असते.

सांगाडा आडव्या लोखंडी पाइपांना टांगायचा, पत्र्याला कधीच नाही. पाइपला छिद्र पाडताना ड्रिल बाजूने लावा. खालून वर लावलं की जरा जोर जास्त झाला तर बिट पाइपमधून पत्र्यात घुसतं आणि भर उन्हाळ्यात तुम्हाला आकाश दिसतं. पंख्याचा हुक थेट पाइपला, छताच्या चौकटीला अजिबात नाही.

वजनाचा हिशोबही करा. जिप्सम बोर्ड आणि त्याच्या पत्र्याच्या चॅनलचं छत दहा बाय बाराच्या खोलीत सव्वाशे किलोच्या आसपास भरतं. पाइप बारीक असतील, मधोमध झोल आलेला दिसत असेल, तर जिप्समचा नाद सोडून पीव्हीसी पट्टी किंवा बांबूच्या चौकटीवर चटई घ्या.

वर काय भरायचं

इथे दुकानदार सर्वात जास्त फिरवतो, म्हणून जरा सावकाश.

थर्माकोल हा कमी पैशात सर्वात जास्त उष्णता अडवणारा माल. दोन इंचांचा अखंड थर दिला तर वरचा हिशोब दोन हजार वॅटवरून दोन-अडीचशेवर येतो. एक इंच दिला तर चारशेच्या आसपास. म्हणजे पहिला इंचच बहुतेक काम करून जातो. पैसे मोजके असतील तर एका खोलीत दोन इंच भरण्यापेक्षा दोन खोल्यांत एक-एक इंच भरा. शीट साधारण एक मीटर बाय अर्धा मीटरची येते, 120 चौरस फुटांच्या एका थराला 24-25 शीट लागतात. दोन इंची थराला चौरस फुटामागे बारा ते सोळा रुपये पडतात. पॅकिंगच्या हलक्या मालात आणि बांधकामाच्या मालात फरक असतो. अंगठ्याने दाबून बघा. हलका माल लगेच दबतो आणि दाणे सुटतात. ‘पंधराची डेन्सिटी, एफआर’ असं सांगून मागा. एफआर म्हणजे आग लवकर न धरणारा. लवकर न धरणारा, बिलकूल न धरणारा नव्हे.

म्हणूनच थर्माकोल उघडा ठेवायचा नाही. तो पेटला की वितळून जळते थेंब खाली पडतात. त्याच्या खाली जिप्सम किंवा सिमेंट फायबरचा बोर्ड हवाच. चुलीच्या खोलीत थर्माकोल नकोच. तिथे रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) किंवा नुसती चकाकती फॉइल, आणि धुराड्याच्या पाइपभोवती दोन फूट जागा पूर्ण मोकळी. थर्माकोल चिकटवायचा असेल तर पांढरा पाण्यातला गोंद वापरा. चपला चिकटवायचं पिवळं सोल्यूशन लावलंत तर डोळ्यांदेखत खड्डा पडतो, मी पाडून बघितला आहे.

वायरचं एक फार थोड्यांना माहीत असतं. पीव्हीसीचं आवरण असलेली वायर थर्माकोलला टेकून वर्षानुवर्षं राहिली तर दोघांचंही नुकसान होतं. वायरच्या आवरणातला मऊपणा निघून थर्माकोलमध्ये जातो, तिथला थर्माकोल विरघळतो आणि वायर कडक होऊन तडकते. सगळ्या वायर कडक पाइपमधून न्या. बल्बचा होल्डर थर्माकोलमध्ये रुतवू नका.

चांदीसारखी चकाकणारी बबल फॉइल चौरस फुटाला पंधरा-वीस रुपयांत मिळते. ती धगीची खरी वैरी, पण एका अटीवर. तिच्या चकाकत्या बाजूला लागून मोकळी हवा हवी. पत्र्याला चिकटवून लावली तर वरची बाजू फुकट गेली, आणि बोर्डवर अंथरली तर खालची. पाइपांच्या खालून ती अशी ताणा की वरती पत्र्यापर्यंत पाइपच्या जाडीइतकी पोकळी राहील आणि खाली छतापर्यंत दुसरी. चकाकी एकाच बाजूला असेल तर ती बाजू जमिनीकडे करा. ऐकायला उलटं वाटतं, पण वर तोंड करून असलेल्या चकाकीवर दोन वर्षांत धुळीचा थर बसतो आणि तिचं काम संपतं. खाली तोंड करून असलेली स्वच्छ राहते आणि तापली तरी खाली धग सोडत नाही.

फॉइल हा धातू आहे हे विसरू नका. ऑस्ट्रेलियात 2009-10 मध्ये सरकारी योजनेतून घरांना इन्सुलेशन करताना काही तरुण मजूर दगावले. त्यातल्या काहींच्या बाबतीत फॉइल ठोकताना धातूचे स्टेपल विजेच्या वायरमध्ये घुसले होते, आणि शेवटी फॉइल त्या योजनेतून काढावी लागली. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद. फक्त त्या खोलीचं बटण बंद करून भागत नाही.

रॉकवूल आगीला दाद देत नाही आणि उंदरांनाही फारसं आवडत नाही, पण महाग आहे, अंगाला खाज सुटते आणि भिजलं की कामातून जातं. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच हात लावा. अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवण्याचे व्हिडिओ बघून फसू नका. ते वाळवी आणि आगीला आमंत्रण आहे.

प्रत्यक्ष बसवताना

जिप्सम आणि थर्माकोलचं सांगतो, बाकीचं त्यावरून समजेल. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एका पातळीची खूण करा, रंगाच्या दोरीने रेघ मारा. रेघेवर भिंतीला कडेचं चॅनल बसवा. मग पाइपांपासून पट्ट्या सोडून त्यांना मधले चॅनल, आणि त्यांच्या खाली दर दीड फुटाला आडवे सेक्शन. या टप्प्यावर सगळी वायरिंग पाइपमधून पूर्ण करून घ्या आणि फॉइल लावायची असेल तर तीही आताच.

फॉइलचे पट्टे जोडताना कौलं आठवा. उतारावर खालचा पट्टा आधी, वरचा त्याच्यावर चार इंच चढवून. थंडीत पहाटे पत्र्याला घाम येतो, कधी कधी चांगला टपटपतो. पट्टे कौलासारखे असतील तर ते पाणी फॉइलवरून वळचणीकडे जाऊन बाहेर पडतं. उलटे असतील तर प्रत्येक जोडातून बोर्डवर गळतं आणि जानेवारीत छतावर चहाच्या रंगाचे डाग उमटतात.

मग बोर्ड. मिस्त्री म्हणेल, ‘आधी छत पुरं करू, थर्माकोल नंतर वरून टाकू.’ होऊ देऊ नका. नंतर वर हात जात नाही आणि तो दिसेल तेवढ्या जागेत टाकून मोकळा होतो. बोर्डची एक रांग चढली की तिच्यावर थर्माकोल पसरायचा, कडा घट्ट भिडवायच्या, मग पुढची रांग. दोन इंच द्यायचे असतील तर एक-एक इंचाच्या दोन शीट, जोडावर जोड न येता. फटी राहिल्या की धग तिथूनच येते. कापताना पंखा बंद करा, नाहीतर पांढरे दाणे आठवडाभर भातात सापडतील. बोर्डचं एक पान वीस किलोच्या आसपास असतं. ते धरायला खाली दोन माणसं हवीतच.

एका कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांची झडप ठेवा, म्हणजे पुढे छताच्या वर डोकावता येईल. पैसे वाचवायला ती गाळू नका. चॅनलसकट मजुरी धरून जिप्समचं छत सत्तर ते शंभर रुपये चौरस फुटाला जातं. त्यात झडपेचे चार-पाचशे काही जड नाहीत. कामाला दिवाळीनंतर लागा. अक्षय्य तृतीया उलटली की मिस्त्री फोन उचलत नाही, आणि नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) त्या सांगाड्यावर डोकं घालून काम करायला माणूस मिळत नाही.

भाड्याच्या खोलीत

घर आपलं नसेल तर एवढा खर्च कोण करणार? तिथे चांदवा बांधा. जुन्या सुती साड्या किंवा चादरी शिवून एक मोठं कापड करा, खोलीच्या चारही कोपऱ्यांना खिळे ठोकून पत्र्यापासून फूट-दीड फूट खाली ताणा. धगीच्या वाटेत एक अपारदर्शक पडदा आला की ती जवळपास निम्म्यावर येते, दुसरा पडदा वीतभर अंतर सोडून लावला तर तिसऱ्या हिश्श्यावर. मघाच्या पुठ्ठ्याचंच हे मोठं रूप. कडांना पोकळी सोडा, पंख्याच्या पात्यांपासून आणि गॅसपासून कापड लांब ठेवा. घरमालक पत्र्यावर पांढरा रंग मारू देत असेल तर आधी तो मारा.

कोकणात असाल तर

विदर्भ-मराठवाड्याचं गणित कोकणात आणि गोव्यात जसंच्या तसं चालत नाही. तिथे चार महिने दमट हवा पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटून बसते आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पत्रा खालूनही गंजतो. छत करण्याआधी खालच्या बाजूलाही प्रायमर आणि रंग मारा, कारण नंतर तिथे पोचता येत नाही. जिप्समऐवजी सिमेंट फायबर किंवा पीव्हीसी घ्या. चॅनल जस्ताचा जाड थर असलेलं, स्क्रू स्टेनलेस. हवेची भोकं पावसाच्या माऱ्याच्या उलट बाजूला जास्त ठेवा.

फरक मोजायचा कसा

भिंतीवरचं तापमापक बघून निराश होऊ नका. ते हवेचं तापमान दाखवतं, आणि ते दोन-चार अंशांनीच उतरतं. धग त्याला कळत नाही. छताचा पृष्ठभाग मोजणारी इन्फ्रारेड गन एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मागून आणा. करोनाच्या काळातली कपाळाला लावायची गन चालत नाही, ती त्रेचाळीस अंशांच्या आसपास थांबते. चकाकत्या फॉइलवर किंवा नव्या जस्ती पत्र्यावर गन रोखली तर ती खोटं सांगते, भलतंच कमी. तिथे कागदी टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. दुपारी तीनला पत्रा आणि छताची खालची बाजू, दोन्ही वहीत लिहा. पुढच्या मेमध्ये त्याच वेळी पुन्हा मोजा. पत्र्याचा आकडा वाढला असेल तर रंग धुवायला झाला. पत्रा तेवढाच आणि छताचा एकच कोपरा तापलेला असेल तर तिथला थर्माकोल सरकला किंवा कुणीतरी खाल्ला.

माझ्याकडे ईशान्येच्या कोपऱ्यात सहा अंशांचा फरक निघाला. झडप उघडून टॉर्च मारला तर उंदराने दोन शीट कुरतडून भुशाची मऊ गादी केली होती, पाइपच्या तोंडाची जाळी निसटली होती तिथूनच तो आला होता. गादी सुपात काढली, दोन शीट नव्या घातल्या, आणि जाळी या वेळी तारेने पिळून बांधली.